गादी थोपटणारी माणसं

जरा डोळे मिटा बघू. मिटलेत? आता अशी कल्पना करा, की तुम्हाला हातच नाहीत. चार पाय आहेत, शेपूट आहे, भली मोठी जीभ आहे, पण हात नाहीत आणि बोलताही येत नाही. अशात तुमचं लाडकं माणूस दारात आलं. तुम्हाला त्याला मिठी मारायचीय. 'होतीस कुठे इतके दिवस?' असं विचारायचंय. काय कराल?

उडी माराल. दुसरं काय करणार बिचारे!

आणि ते माणूस तेव्हा जिन्याच्या वरच्या पायरीवर उभं असलं, दोन्ही हातांत सामान असलं, तर? उघडा आता डोळे. मुंगीच्या आत्याचं नेमकं हेच झालं होतं. घरच्या कुत्र्यानं, भोवऱ्यानं, उडी मारली, आत्या सामानासकट पायऱ्यांवरून खाली आली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. त्यानंतर आज पहिल्यांदा ती माहेरी यायची होती. आणि आजच भोवऱ्याचा निकाल लागायचा होता.

भोवरा हे नाव मुंगीच्या बाबांनी ठेवलेलं. पिल्लू असताना तो स्वतःच्या शेपटीमागे इतका गरगर फिरायचा, की बघणाऱ्याला घेरी यावी. मोठा झाला, पण गरगरणं काही गेलं नाही. पट्टा दिसला की गरगर, कडी वाजली की गरगर. कुणी गादीवर टेकलं, की हा धप्पकन अंगावर; 'चळलंय कुत्रं!' म्हणत सगळे त्याला खाली उतरवायचे. मुंगीलाही तिचं नाव असंच मिळालेलं. जीव एवढासा, आणि एका जागी बसणं ठाऊक नाही. त्यामुळे त्या दोघांचं मेतकूट जमलं होतं यात नवल ते काय?

त्यांचं घर सोफे शिवणाऱ्यांचं. खाली कारखाना, वर राहायची जागा. आजोबा आणि बाबा लाकडी सांगाड्यावर पट्टे ताणत, स्प्रिंगा बसवत, काथ्या भरत. आणि वरचं कापड शिवायची ती आत्या. लग्न होऊन ती गल्लीच्या दुसऱ्या टोकाला गेली, तरी रोज सकाळी येऊन मशीनला बसायची. जाड कापडाच्या कडेला गोट लावावा तर तिनंच. तिचा हात मोडला त्या दिवसापासून मशीनवर चादर पडून होती.

हॉस्पिटलच्या बाकावरच काका म्हणाला होता, "त्या कुत्र्याला माझ्या वखारीवर नेतो. लाकडांची राखण तरी करेल. बांधतो साखळीला, फिरू दे म्हणावं गोल गोल!"

काका बाबांचा धाकटा भाऊ. तो पाळण्यात असताना त्याची आई गेली आणि आत्यानंच त्याला वाढवलं. त्याला ताईपुढे कुणी दिसत नसे. बाबांनी मान खाली घातली होती. मुंगीच्या आईनं मात्र मधे तोंड घातलं. "भाऊजी, ताईंचं प्लास्टर निघेपर्यंत मला वेळ द्या. ताई घरी येतील त्या दिवशी बघू. तो अंगावर गेला, तर खुशाल न्या."

"शब्द?"

"शब्द."

आई बालवाडीत शिकवायची. हट्टी पोरांची तिला सवय होती, हट्टी कुत्र्यांची नव्हती. म्हणून ती जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली आणि येताना काठीनं मारायला नाही, तर काही खेळ शिकून आली.

पहिला खेळ मुठीचा. उकडलेल्या गाजराचा तुकडा मुठीत धरायचा आणि मूठ भोवऱ्यापुढे न्यायची. तो चाटेल, पंजा मारेल, भुंकेल. मूठ उघडायची नाही. ओरडायचं नाही, ढकलायचंही नाही. तो आपणहून मागे सरला, की 'शाब्बास' म्हणायचं आणि मूठ उघडायची.

"एवढंच?" मुंगी म्हणाली होती.

एवढंच! त्या दिवशी भोवऱ्यानं तिची मूठ चाटून चाटून ओलीचिंब केली. "अरे, बस ना रे! मागे हो ना! कळत नाही का तुला?" मुंगीचाच धीर सुटला.

"तू बोलू नकोस," आई म्हणाली. "तू बोललीस की तो तुझ्याकडे बघतो. त्याला विचार करू दे."

मुंगीनं ओठ घट्ट मिटले. तसं गप्प बसणं तिला सोपं नव्हतं; पोटात गुदगुल्या झाल्यासारखं व्हायचं. भोवऱ्यानं अजून एकदा मूठ हुंगली, एक सुस्कारा टाकला, आणि नाक जरासंच बाजूला नेलं.

"शाब्बास!"

मूठ उघडली. भोवरा गाजर खायचंच विसरला. तो मुंगीच्या तोंडाकडे बघत राहिला. हे असं असतं होय, असा त्याचा चेहरा झाला होता.

मग वाटीचा खेळ. जेवणाची वाटी खाली येताना तो उठला की वाटी वर, बसून राहिला की वाटी जमिनीला. मग दाराचा खेळ, आणि तो सगळ्यांत अवघड. कडी वाजली, तो बसला, दार उघडायला लागलं. तो उठला, दार बंद. मुंगी दाराशी उभी राहून उघड-मीट करायची आणि पलीकडे आजोबा पाहुणे होऊन उभे असायचे.

आजोबा आधी या सगळ्याला हसले होते. "कुत्र्याला बक्षीस? आम्ही शिकताना खिळा वाकडा गेला, की डोक्यात टपली बसायची. गाजर नाही दिलं कुणी."

"म्हणून तर आजोबा, तुम्ही अजून वाकडा खिळा लपवून ठेवता," मुंगी म्हणाली.

बाबांना ठसका लागला. आणि दुसऱ्या दिवसापासून आजोबा पाहुणे व्हायला लागले. कधी छत्री घेऊन यायचे, कधी टोपी घालून, कधी लंगडत. एकदा तर खाकरत, "घरात कुणी आहे का?" असं परक्या आवाजात ओरडले, आणि भोवरा बसल्या जागी थरथरला, पण उठला नाही. आजोबा मुंगीला म्हणाले होते, "पोरी, हे मारून नसतं जमलं. मारून तो दबला असता. थांबायला नसता शिकला."

इतकं सगळं झालं होतं. पण ते आजोबा होते आणि आज आत्या येणार होती. भोवऱ्याचं आजोबांवर प्रेम होतं, पण आत्यावर त्याचा जीव होता. रोज दुपारी मशीनखाली, तिच्या पायावर हनुवटी टाकून तो झोपायचा. इतक्या दिवसांनी ती दिसल्यावर काय होईल, हे आईलाही सांगता येत नव्हतं.

काका आत्याच्या आधीच येऊन पोचला. येताना साखळी घेऊन आला, आणि ती त्यानं चपलांच्या मांडणीवर ठेवली तेव्हा सगळ्या घराला ऐकू गेली.

"एवढी जाड?" बाबा म्हणाले.

"दादा, तुझं कुत्रं आहे का रेडा आहे, तूच सांग."

"भाऊजी, चहा घेणार ना?" आईनं विचारलं.

"घेतो. पण चहानं शब्द विरघळत नाही हं, वहिनी."

"मी कुठे म्हटलं!"

मुंगी भोवऱ्याजवळ जमिनीवर बसली होती. तिनं कमरेला गाजराच्या तुकड्यांची पिशवी बांधली होती. काकानं तिच्याकडे पाहिलं आणि नजर फिरवली. तो तिला खांद्यावर बसवून वखारीत लाकडांच्या थप्प्या दाखवायचा, तोच हा काका. आज तो तिच्याशी बोलत नव्हता. ते मुंगीला साखळीपेक्षा जास्त लागलं.

कडी वाजली.

"मुंगे," आई हळूच म्हणाली, "घाई नको."

भोवऱ्याला वास आला असणार. त्याचं सगळं अंग ताणलं गेलं, शेपटी जमिनीवर झाडूसारखी फिरायला लागली. मुंगीनं दार जरासं उघडलं. तो उठला. तिनं दार लावून घेतलं.

"अगं, ताई बाहेर उभी आहे!" काका उसळला.

"राहू दे," पलीकडून आत्याचाच आवाज आला. "मला घाई नाही."

तो आवाज ऐकून भोवऱ्याच्या तोंडातून एक बारीक शिट्टी निघाली. पण तो बसला. मुंगीनं पुन्हा दार उघडलं. बसलेला. आणखी उघडलं. तो पुढच्या पायांवर असा नाचत होता जणू फरशी तापली आहे, पण बूड जमिनीला टेकलेलं होतं. दार सताड उघडलं. दारात आत्या उभी होती. पूर्वीपेक्षा बारीक झालेली, उजवा हात छातीशी धरलेला, आणि चेहरा पांढराफटक. भोवऱ्याहून जास्त तीच थरथरत होती.

ती एक पाऊल आत आली. भोवरा बसून. आणखी एक पाऊल. भोवऱ्यानं मान वर केली, जितकी ताणता येईल तितकी ताणली, आणि तिच्या साडीच्या काठाला नुसतं नाक लावलं.

"शाब्बास," मुंगी कुजबुजली आणि गाजराचा तुकडा त्याच्यापुढे धरला.

आजोबांनी खिशातून रुमाल काढला आणि उगाचच चष्मा पुसला. बाबा काकाकडे बघून काही म्हणणार, तर काकाच म्हणाला, "बरं बरं. आत्ता तर आलीय. दिवस जायचाय अजून."

सगळे आतल्या खोलीत गेले. खोलीत नवा सोफा होता. आत्याच्या पडण्याआधी सांगाडा तयार झालेला, कापड मात्र आजोबांनी स्वतः कसंबसं शिवलेलं. आत्यानं कडेच्या शिलाईवर नजर टाकली आणि ओठ दाबले. मग ती बसायला वळली.

आता या घरातली एक गोष्ट सांगायला हवी. ही माणसं कधी नुसती बसत नाहीत. बसण्याआधी गादी थोपटतात. स्प्रिंग नीट बसली का, काथ्या एका बाजूला सरकला का, ते हाताला कळतं. कुणाच्या लग्नाला गेली, दवाखान्यात गेली, तरी खुर्ची थोपटल्याशिवाय टेकत नाहीत. ती सवय इतकी जुनी, की त्यांना स्वतःला ती दिसतही नाही. आत्यानंही डाव्या हातानं गादीवर दोनदा थाप मारली आणि बसली.

भोवरा दाराशी होता. तो तीरासारखा सुटला, खोली ओलांडून सरळ सोफ्यावर, आत्याच्या मांडीला लागून आदळला. आत्या किंचाळली. आईच्या हातातला चहा जमिनीवर सांडला.

"बघा!" काका उभा राहिला. "झालं समाधान? ताई, लागलं का गं? हात दाखव. दादा, आण ती साखळी."

आत्या डोळे मिटून मोडलेला हात पोटाशी धरून बसली होती. बाबा दाराकडे निघाले. जाता जाता मुंगीकडे न बघता पुटपुटले, "शब्द दिलाय, बाळा."

"अहो, थांबा," आई म्हणाली, पण तिच्याही आवाजात जीव नव्हता.

आणि मुंगी? तिनं सगळं पाहिलं होतं. थाप पाहिली होती. भोवरा सोफ्यावर शेपूट हलवत, मोठ्या अभिमानानं तिच्याकडे, म्हणजे गाजराच्या पिशवीकडे बघत होता. सांगितलेलं नीट केलं की त्याचा चेहरा असा व्हायचा. मुंगीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पण हे बोलायचं म्हणजे आत्याची चूक काढायची. पडलेल्या, दुखावलेल्या आत्याची.

"आत्यानं बोलावलं त्याला," ती म्हणाली.

काका गर्रकन तिच्याकडे वळला.

"काय म्हणालीस?" काकाचा आवाज चढला. "मार खाऊन आली तीच, आणि वर दोषही तिचाच? हे शिकवलंत का वहिनी?"

"दोष नाही म्हटलं!" मुंगीच्या डोळ्यांत पाणी आलं. "तिनं गादी थोपटली. गादी थोपटली की वर ये, असं वाटतं त्याला. त्यानं ऐकलं नुसतं."

"काहीतरी सांगू नकोस. थोपटली म्हणे! कोण थोपटतं गादी?" काका तणतणत बाजूच्या खुर्चीकडे वळला, दोन थापा मारल्या, बसला. "उगाच त्या मुक्या..."

पुढचं त्याला बोलता आलं नाही, कारण भोवरा त्याच्या मांडीवर होता. एवढं मोठं धूड, दोन्ही पंजे काकाच्या खांद्यांवर, आणि जीभ कानात.

क्षणभर कुणाला काय झालं ते कळलं नाही. मग आजोबांच्या घशातून विचित्र आवाज आला. ते हसत होते. दाराच्या चौकटीला धरून, पोट धरून हसत होते. मग आई. मग साखळी हातात घेऊन परत आलेले बाबा.

"काढा रे याला!" काका ओरडत होता. "दादा, हसतोस काय!"

"अरे, मीच शिकवलंय त्याला," बाबा म्हणाले. डोळे पुसत ते खाली बसले, आणि बसण्याआधी पाट थोपटायला गेलेला हात त्यांनी मधेच आवरला. "पिल्लू होता तेव्हा सोफ्यावर घ्यायचो. थाप मारायची, की हा वर. मग मोठा झाला, मी सोडून दिलं. त्यानं नाही सोडलं."

"म्हणजे रोज आपणच त्याला बोलावत होतो," आई हळूहळू म्हणाली. "दिवसभर, सगळे जण. आणि वर बिचाऱ्यालाच 'चळलंय' म्हणत होतो."

मुंगीनं भोवऱ्याला खाली बोलावलं. तो उतरला आणि तिच्या पायाशी बसला.

आता सगळे आत्याकडे बघायला लागले. ती हसली नव्हती. काका खुर्चीच्या कडेवर येऊन बसला आणि वेगळ्याच, लहान आवाजात म्हणाला, "ताई, तू सांग. तू म्हणशील तसं. तुला भीती वाटत असेल, तर मला कुणाचं काही ऐकायचं नाही."

"भीती वाटते," आत्या म्हणाली. "कालपासून वाटतेय. रात्री डोळा लागला नाही. जिन्यावरून वर येताना कठडा सोडवत नव्हता मला."

मुंगीनं भोवऱ्याच्या मानेवर हात ठेवला.

"त्या दिवशी काही थोपटलं नव्हतं मी. हातांत सामान होतं. त्यानं उडी मारली ती मारलीच. ते उगाच झाकायला नको," आत्या पुढे म्हणाली. "पण आज दार उघडलं तेव्हा तो बसला होता. पळत यायचं होतं त्याला, सगळं अंग सांगत होतं. तरी माझ्यासाठी त्यानं स्वतःला धरून ठेवलं. माझी भीती बघून कुणी असं थांबलंय, हे मला आठवत नाही. आपल्या घरात तर नाहीच. आपण सगळे आधी बोलतो." तिनं आईकडे पाहिलं. "अगं, तू आणि या पोरीनं किती केलंत. माझ्या मनात होतं, कुत्र्यासाठी चाललंय सगळं. माझ्यासाठी चाललं होतं."

आईनं सांडलेला चहा पुसायला घेतला आणि पुसतच राहिली.

"आणि तू रे," आत्या काकाला म्हणाली. "माझ्यासाठी भांडतोस, बरं वाटतं मला. खरंच वाटतं. पण त्याला साखळीला बांधून माझी बोटं वळणार आहेत का?"

"वळत नाहीत?" काकानं विचारलं.

इतका वेळ ते कुणी विचारलंच नव्हतं. आत्यानं उजवा हात मांडीवर ठेवला. बोटं अर्धवट वाकून तशीच राहिलेली. "डॉक्टर म्हणतात, हाताला बळ येईल. हळूहळू येईल. पण सुई धरता येत नाही. काल धरून बघितली, पडली. मी ती उचललीसुद्धा नाही."

आजोबांनी नव्या सोफ्याच्या वाकड्यातिकड्या शिलाईकडे पाहिलं आणि मान फिरवली. काका उठला, ताईच्या पायाशी जमिनीवर जाऊन बसला. लहानपणी बसत असेल तसा.

"कुत्रं राहील," आत्या म्हणाली. "थोपटायचं तेवढं आपण बंद करू."

"ते काही जमायचं नाही या जन्मात," आजोबा म्हणाले. "त्यापेक्षा त्यालाच दुसरा इशारा शिकवा."

बाबा हसले, आई हसली, काकानं भोवऱ्याच्या डोक्यावर अवघडलेला हात ठेवला. सगळे एकदम बोलायला लागले. चहा पुन्हा टाका, साखळी कारखान्याच्या फाटकाला लागेल, आत्यानं आज जेवूनच जायचं. आणि या गलबल्यात मुंगी कधी उठून गेली, ते कुणाला कळलं नाही.

ती खाली कारखान्यात गेली होती. तिनं मशीनवरची चादर काढली, आत्याचा सुयांचा डबा घेतला, अर्धा गोट लावलेलं उशीचं कापड घेतलं, आणि वर आली. आत्याच्या शेजारी सोफ्यावर बसली, न थोपटता. जाड दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं. सुईच्या नाकातून ते पहिल्यांदा गेलं नाही, दुसऱ्यांदाही नाही. तिनं पाय आपटले नाहीत. दोरा पुन्हा ओला केला. शेवटी तो आत गेला. मग तिनं कापड दोघींच्या गुडघ्यांवर पसरलं, आत्याची बोटं अलगद उचलून शिलाई जिथे थांबली होती तिथे ठेवली, आणि त्यांच्या शेजारी सुईचं टोक टेकवलं.

"आता सांग," ती म्हणाली.

आत्याला लगेच बोलता येईना. मुंगी सुई धरून वाट बघत राहिली.